फुटबॉलसाठी केबल की अ‍ॅप? हंगामाआधी ठरवणाऱ्यांसाठी

जुलै संपत आला की आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच: यंदा केबलवर स्पोर्ट्सच्या वाहिन्या घ्यायच्या की अ‍ॅपवर भागवायचं? यंदा तो माझ्या भाच्याने विचारला. त्याने कांजूरमार्गला नवं घर भाड्याने घेतलंय. वायफाय आहे, स्मार्ट टीव्ही आहे आणि केबलवाला दारात कार्ड सरकवून गेलाय. "मामा, सगळे अ‍ॅपच घेतात, मीही तेच घेतो ना?" असं त्याचं म्हणणं. त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो. मी दोन्ही वापरलंय. मधला काही काळ निव्वळ अ‍ॅपवर होतो आणि आता केबलवर परत आलोय. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण अ‍ॅप घेणाऱ्याचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. आपण केबल किंवा अ‍ॅप निवडतो, पण सामना कुणाकडे दिसणार हे आपल्या हातात नसतं. सध्या आपल्याकडे इंग्लंडची प्रीमियर लीग स्टार स्पोर्ट्सच्या वाहिन्यांवर आणि जिओहॉटस्टारवर आहे, तर युरोपातल्या अव्वल क्लबांची चॅम्पियन्स लीग सोनीच्या वाहिन्यांवर आणि सोनी लिव्हवर. दोघांचेही हक्क एकहाती, एकाचा सामना दुसऱ्याकडे चुकूनही दिसणार नाही. स्पेनची ला लीगा २०१८ पासून तीन हंगाम फेसबुकवर चक्क फुकट होती; त्यानंतर तिचा पत्ता बदलत राहिला. म्हणून 'कुठलं अ‍ॅप चांगलं' या प्रश्नाला फुटबॉलमध्ये फारसा अर्थ नाही. आपली टीम, समजा आर्सेनल, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जायचं, मग त्याचं अ‍ॅप कसंही असो. आपल्याला निवडायचा आहे तो फक्त रस्ता, वायरीचा की इंटरनेटचा.

या एकहाती हक्कांवर लोक चिडतात आणि ती चीड मला समजते. पण इंग्लंडमध्ये काय झालं ते पाहिलं की आपली स्थिती तितकी वाईट वाटत नाही. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पाच वर्षांचे हक्क ३०.४ कोटी पौंडांना गेले. त्यात थेट सामने स्काय या वर्गणीच्या वाहिनीकडे आणि हायलाइट्स बीबीसीकडे. पुढे युरोपियन कमिशनने आक्षेप घेतला, एकाच कंपनीने सगळं घेणं बरोबर नाही म्हणाले, आणि २००७ च्या हंगामापासून सामन्यांचे वेगवेगळे संच करून ते किमान दोघांत वाटावे लागले. हेतू चांगला होता. पण प्रेक्षकाच्या वाट्याला काय आलं? पूर्वी एक वर्गणी भरणारा माणूस दोन भरू लागला. सेटांटा या दुसऱ्या वाहिनीने दोन संच घेतले, २००९ मध्ये ती ब्रिटनमध्ये बुडाली, ते सामने ईएसपीएनकडे गेले, मग बीटी आली, २०१९ पासून काही सामने अ‍ॅमेझॉनवर. २०२५ पासूनच्या चार वर्षांसाठी हक्कांची किंमत ६.७ अब्ज पौंडांवर गेली आहे आणि तिथला प्रेक्षक आजही स्काय आणि टीएनटी (पूर्वीची बीटी) अशा दोन दारांत उभा आहे. आपल्याकडे अख्खी लीग एका मालकाकडे आहे. मक्तेदारी म्हणून ती खटकते, पण घरी बसून बघणारा म्हणून मला ती सोयीची वाटते, हे मी मोकळेपणाने सांगतो.

आणखी एक गोष्ट इथल्या नव्या चाहत्यांना माहीत नसते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचे थेट सामने टीव्हीवर दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता आपल्या गावच्या छोट्या क्लबच्या मैदानावर जावं, त्यांच्या तिकीटबारीला फटका बसू नये, म्हणून १९६० च्या दशकापासून चालत आलेली ही पद्धत. तीन वाजताचे सामने आपल्याकडे उन्हाळी वेळेत साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतात आणि आपल्याला व्यवस्थित दिसतात. मँचेस्टरमधला माणूस आपल्याच गावचा सामना घरी बसून कायदेशीरपणे बघू शकत नाही, माहीमचा माणूस बघतो. पोर्ट्समथच्या कॅरन मर्फी नावाच्या पबमालकिणीने स्कायच्या महागड्या वर्गणीऐवजी ग्रीसच्या वाहिन्या उघडणारं डिकोडर कार्ड लावलं होतं. खटला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये परदेशी कार्डावर बंदी घालता येणार नाही असा निकाल लागला. मला ती बाई फार आवडते. जे सामने आपल्याला घरबसल्या सहज मिळतात, त्यांच्यासाठी ती न्यायालयात उभी राहिली.

आता मुद्द्याकडे.

चित्राच्या दर्जाबद्दल मी वेळ घालवणार नाही. एचडी वाहिनी असेल आणि घरचं इंटरनेट बरं असेल तर बेचाळीस इंची टीव्हीवर मला तरी फरक सांगता येत नाही. काहींना अ‍ॅपचं चित्र जास्त स्वच्छ वाटतं, असेलही.

खर्चात अ‍ॅप स्वस्त दिसतं, पण ते एकच अ‍ॅप घेतलं तर. प्रीमियर लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही हवं असेल तर दोन वर्गण्या, दोन लॉगिन, दोन ठिकाणची मुदत लक्षात ठेवणं आलं. केबलवर दोन्ही मालक एका बिलात आणि एका रिमोटवर येतात. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१९ चे नियम आल्यापासून वाहिनी सुटी घेता येते आणि सुटी काढताही येते. मी जून-जुलैत खेळाच्या वाहिन्या काढून टाकतो, ऑगस्टमध्ये परत लावतो. केबलवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाकला की संध्याकाळपर्यंत काम होतं. अ‍ॅपची वर्षाची वर्गणी एकदा भरली की त्या दोन महिन्यांत ती तशीच पडून राहते. घरात अ‍ॅप सगळ्यांचं असतं ही आणखी एक भानगड: ओटीपी भावाच्या फोनवर, भाऊ नाशिकला, आणि एका वेळी ठरावीकच स्क्रीन चालणार. आई मालिका बघत असेल आणि भाऊ क्रिकेट, तर फुटबॉलवाल्याने थांबायचं.

डिशचं म्हणाल तर मुंबईत मी ती सुचवणार नाही. हंगाम ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो, म्हणजे ऐन पावसात. जोराची सर आली की सिग्नल जातो आणि निळा पडदा येतो. पहिले पाच-सहा आठवडे ही धास्ती कशाला? केबललाही मुंबईत त्रास आहेच. गणपतीत उंच मूर्तीसाठी रस्त्यावरच्या वायरी बांबूने वर उचलतात, त्यात एखादी तुटते आणि रात्रभर काही दिसत नाही. पण आमच्याकडे वायफायही त्याच केबलवाल्याचं आहे. तुटली की दोन्ही एकदम जातात, त्यामुळे तिथे कुणीच वरचढ नाही.

निवडीच्या बाबतीत मात्र अ‍ॅपच पुढे आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. शनिवारी रात्री साडेआठला चार-पाच सामने एकाच वेळी सुरू होतात. वाहिन्या मोजक्या, मग टीव्हीवर येतात ते लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, मँचेस्टर सिटी. तुम्ही ब्राइटनचे किंवा क्रिस्टल पॅलेसचे असाल तर केबलवर तुमची टीम महिनोन्‌महिने दिसणार नाही. त्यात खेळाच्या वाहिन्यांवर क्रिकेट आलं की फुटबॉल बाजूला सरकतं, हे आपल्याकडचं कायमचं दुखणं. चॅम्पियन्स लीगचं स्वरूप २०२४-२५ पासून बदललं, ३६ संघ आले, आणि पहिल्या टप्प्याच्या शेवटच्या रात्री अठराच्या अठरा सामने एकाच वेळी खेळले जातात. टीव्हीवर त्यातले किती दाखवणार? तेव्हा छोट्या क्लबवर जीव असणाऱ्याने पुढचं काही न वाचता अ‍ॅप घ्यावं.

मग मी केबलवर परत का आलो? एकाच कारणासाठी. अ‍ॅपवरचं चित्र उशिरा येतं.

किती उशिरा, हे मी घड्याळ लावून मोजलेलं नाही. पण केबलवर गोल होऊन, मिठ्या मारून खेळाडू मध्यरेषेकडे परत निघालेले असतात, तेव्हा अ‍ॅपवर तोच चेंडू अजून मैदानाच्या मधोमध फिरत असतो. केबलवर चित्र सलग वाहत येतं. इंटरनेटवर ते काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं, प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाचा करून ठेवला जातो, या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर जातो, आणि आपल्या टीव्हीतला प्लेअर थोडे तुकडे हाताशी जमले की मगच दाखवायला लागतो. ते जमवले नाहीत तर मध्येच गोल चाक फिरत बसेल. म्हणजे हा उशीर बिघाड नाही, चित्र अडखळू नये म्हणून केलेली तजवीज आहे. कुठल्या एका कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही आणि वेगवान वायफाय घेऊनही तो पुरता जात नाही. केबल आणि डिशमध्येही सेकंद-दोन सेकंदांचा फरक असतोच, पण तो जाणवत नाही.

हे सगळं कागदावर वाचायला क्षुल्लक वाटतं. मुंबईच्या जुन्या इमारतीत तसं नसतं. आमची इमारत माहीमला, चार मजली, मधोमध चौक, आणि सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्या चौकात उघडणाऱ्या. समोरच्या घरात बाप आणि मुलं, सगळे लिव्हरपूलचे, केबलवर बघणारे. वरच्या मजल्यावर आर्सेनलचा एक भक्त. ज्या काळात मी अ‍ॅपवर होतो, त्या काळात एकही गोल मला पडद्यावर आधी कळला नाही. लिव्हरपूलचा सालाह अजून उजव्या बाजूला चेंडू थांबवून बचावपटूकडे बघत असायचा आणि चौकातून आरोळी आलेली असायची. स्कोअर सांगणारी नोटिफिकेशन बंद करता येतात, ग्रुप म्यूट करता येतो. समोरच्यांना कसं म्यूट करणार? आणि का करावं? शनिवारी रात्री इमारतीतून असा आवाज यावा हेच तर आपल्याला हवं असतं. फक्त आपण त्यात असायला हवं.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचाचा निर्णय तपासण्याची पद्धत, आल्यापासून तर हे जास्तच जाचक झालं. आधी आरोळी, मग कुजबुज, मग मिनिटभराने 'अरे यार' असा लांबलेला सूर. म्हणजे माझ्या पडद्यावर गोल व्हायच्या आधीच मला कळायचं की गोल होणार आहे, आणि तो जाळ्यात जाऊन खेळाडू नाचत असतानाच माहीत असायचं की तो रद्द होणार आहे. अशा गोलवर आनंद कसा मानायचा?

माझा निर्णय झाला तो मात्र १८ डिसेंबर २०२२ च्या रविवारी. विश्वचषकाची अंतिम लढत, अर्जेंटिना आणि फ्रान्स. फ्रान्सच्या एम्बापेच्या पेनल्टीने ३-३ झालेलं, जादा वेळेची अगदी शेवटची मिनिटं. आमच्याकडे चार पाहुणे, सगळे टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेले, अ‍ॅप चालू. माझ्या पडद्यावर चेंडू अजून फ्रान्सच्या बाजूला होता तेव्हा चौकातून 'आऽऽ' असा एकच आवाज उठला, छाती धरल्यासारखा, आणि लगेच त्याच्यावर सुटकेचा गलका. मेस्सीवाली इमारत आमची. कुणालाच काही बोलायची गरज नव्हती: फ्रान्सला मोठी संधी मिळणार आहे आणि ती वाया जाणार आहे. मग फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझ याच्यासमोर आला, त्याने फटका मारला, मार्टिनेझने डावा पाय लांब करून तो अडवला. लोक आजही त्या बचावाबद्दल बोलतात. आम्ही तो पाहिला, पण 'गेला!' असं वाटण्याचा जो अर्धा क्षण असतो तो आमच्या खोलीत कुणालाच मिळाला नाही. पुढे पेनल्टींचंही तेच. फ्रान्सचा कोमान चालत येत होता आणि त्याची पेनल्टी अडवली गेली हे आम्हाला ठाऊक होतं. अर्जेंटिनाच्या माँटिएलने शेवटची मारली तोपर्यंत खाली रस्त्यावर फटाके सुरू झाले होते. असा सामना आयुष्यात पुन्हा कधी बघायला मिळेल सांगता येत नाही. जानेवारी उजाडताच मी केबलवाल्याला बोलावलं.

आता हे सगळ्यांना लागू आहे असं नाही. भाच्याचं घर बाविसाव्या मजल्यावर आहे, खिडक्या बंद, एसी चालू, शेजारी कोण हेही त्याला अजून माहीत नाही. एकट्याने बघणार असेल तर त्याचं चित्र उशिरा आलं काय नि वेळेवर आलं काय, त्याला फरक पडणार नाही. अशा माणसाला मी अ‍ॅप नको म्हणणार नाही. पण तो सामना चालू असताना मित्रांशी सतत चॅटवर असतो, आणि त्यातले निम्मे केबलवर. तिथे अ‍ॅपवाला कायम मागून येऊन 'मला सांगू नका रे' म्हणत राहतो. त्याने एक-दोन शनिवार हे अनुभवून मग ठरवावं.

मंगळवार-बुधवारच्या रात्रींचा हिशेब वेगळा आहे. चॅम्पियन्स लीगचे मुख्य सामने हिवाळ्यात आपल्या वेळेनुसार दीडला सुरू होतात, ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत आणि मार्चअखेरीनंतर साडेबाराला. त्या वेळी वन बीएचकेत हॉलमध्ये टीव्ही लावणं म्हणजे तिथे झोपलेल्यांवर अन्याय. फोन, इअरफोन आणि अ‍ॅप यांना तेव्हा पर्याय नाही. आणि रात्री दीडला चौक शांत असतो, ओरडून आधी सांगणारं कुणी नसतं, त्यामुळे उशीर असूनही तो बोचत नाही. म्हणून मी केबल घेतली तरी सोनीचं अ‍ॅप ठेवलंय. दीडच्या सामन्यानंतर सकाळी ८.१२ ची लोकल पकडायची असते, तिच्यात राहिलेली वीस मिनिटंही बघून होतात. प्रवासात अ‍ॅप उपयोगी आहेच, फक्त देशाबाहेर जाताना ते गृहीत धरू नका. हक्क देशानुसार विकलेले असतात. दुबईच्या हॉटेलात इथली वर्गणी भरलेली असली तरी सामना उघडेलच असं नाही.

मुंबई सिटीचा चाहता असाल तर आणखी एक सांगायला हवं, कारण तिथे दुखणं उलटं आहे. इंग्लंडच्या हक्कांसाठी लोक अब्जावधी मोजतात. आपल्या फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये भारतीय फुटबॉलचे व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींना दिले होते. तो करार संपत आला, आयएसएलसाठी, म्हणजे मुंबई सिटी खेळते त्या इंडियन सुपर लीगसाठी, नव्याने निविदा काढली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. २०२१ आणि २०२४ मध्ये करंडक जिंकलेला आपला संघ, आणि त्याच्या लीगचे हक्क घ्यायला तेव्हा कुणी पुढे आलं नव्हतं. इथे केबल की अ‍ॅप हा प्रश्नच मागे पडतो. ज्या वर्षी जिथे दिसतील तिथे बघा, आणि शक्य असेल तेव्हा अंधेरीच्या मैदानावर तिकीट काढून जा. त्यांना आत्ता प्रेक्षकांची गरज आहे.

तर भाच्याला मी शेवटी काय सांगितलं: प्रीमियर लीग केबलवर, हॉलमधल्या टीव्हीवर. चॅम्पियन्स लीगसाठी जमलं तर अ‍ॅप, नाहीतर केबलच्या त्याच बिलात सोनीची वाहिनी. ब्राइटनवाला असता तर नुसतं अ‍ॅप सांगितलं असतं, पण तो लिव्हरपूलचा आहे, त्याचे सामने टीव्हीवर बहुतेक येतातच. केबलवाल्याला 'स्पोर्ट्स पॅक द्या' एवढंच म्हणायचं नाही. त्या पॅकमध्ये बरेचदा क्रिकेटच्या वाहिन्या असतात आणि फुटबॉलची नसते. वाहिनीचं नाव सांगून, एचडी सांगून घ्यायची, तो घरात असतानाच लावून बघायची, आणि हे सगळं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उरकायचं. पहिल्या सामन्याच्या संध्याकाळी त्याचा फोन लागत नाही.